लाभ, दोन, तीन

छातीवर मधोमध एक रेघ आहे,
पोत्याचं तोंड दाभणानं शिवावं तशी.
आरशात पहिल्यांदा बघितली तेव्हा मनात आलं,
शिवण बरी घातलीय, माल सांडणार नाही.

डाव्या पायातली शीर काढून वर लावली म्हणे.
चाळीस वर्षं लातूरच्या मोंढ्यात काट्यापुढं
तुरीचं, करडीचं माप घेत उभा राहिलेला पाय.
आता त्यातलाच एक धागा काळजाला रगत पुरवायलाय.
रात्री ठणकला तरी त्याच्यावर चिडवत नाही.

ऑपरेशनचं भ्यावं वाटलं नाही. झोपेतच झालं ते.
भ्यावं वाटलं घरी आल्यावर.
न्हाणीघराची कडी कोंडाबाईनं काढून टाकली,
तांब्या उचलला की पोरगा धावत यायचा,
आणि मी रात्रभर कान लावून
आतलं धडधडणं ऐकत पडायचो,
चोर आलाय का बघावं तसं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार.
दवाखान्याचं तळघर, एक्स-रेच्या पलीकडची खोली.
पट्टा फिरतो, मी चालतो, भिंत तिथंच राहते.
घोणसीकर मॅडम नातीच्या वयाच्या.
"मामा, कसं वाटायलंय? आकडा सांगा."
समोर तक्ता, सहापासून वीसपर्यंत.
सहा म्हणजे खुर्चीत बसल्यासारखं,
वीस म्हणजे आता काही खरं नाही.
जन्मभर दुसऱ्याच्या मालाला आकडा दिला,
स्वतःच्या दमाला काय द्यावा?
भीतभीत मनलं, "अकरा."
"तोंड तर पंधरा सांगायलंय," त्या मनल्या,
आणि पट्टा हळू केला.
मापात खोट केल्याचा ठपका
माझ्यावर पहिल्यांदा लागला, तोही सत्तराव्या वर्षी.

शेजारच्या सायकलवर औशाच्या खैरुनबी.
मनगटं बांगड्या भरून भरून वाकडी झालेली,
पण दुसऱ्याच्या हाताला कधी ओरखडा नाही.
"भाई, इत्ती सायकल मारी," त्या मनायच्या,
"अब तक तो सोलापूर आ जाता."
हसू आलं की मॅडम बोट दाखवायच्या,
हसण्याचा दम वेगळा, तो धरायचा नाही.

मग एक किलोचं डंबेल आलं. गुलाबी.
वीस किलोचं लोखंडी माप
एका हातानं पारड्यात ठेवणारा मी
त्याच्याकडं बघत राहिलो.
"मोठ्यानं मोजा, मामा. श्वास अडकवायचा नाही."
मी सुरू केलं, "लाभ... दोन... तीन..."
"आणि एक?"
"पहिल्या मापाला एक मनत नसतात, बाई.
लाभ मनायचं. मग माल संपत नाही."
त्या काही बोलल्या नाहीत.
पण शनिवारी सगळी खोली तसंच मोजायली,
निवृत्त गुरुजीसुद्धा, आधी दोनदा दुरुस्ती करून.

खैरुनबी अकराव्या पाळीपासून आल्या नाहीत.
पोराची रिक्षा दुसऱ्या धंद्याला लागली म्हणे.
मॅडमनी तीनदा फोन लावला.
सायकलवर आता दुसरे कोणी बसतात,
त्यांना सोलापूर माहीत नाही.

सहा मिनिटांत किती चालता याची परीक्षा असते.
पहिल्यांदा दोनशे दहा मीटर, आता तीनशे चाळीस.
मी मनात धरलं, मोंढ्याच्या गेटापासून
हमालांच्या चहापर्यंत.
परवा खरंच गेलो. दोनदा थांबलो.
तिथं आता काटा मुका झालाय,
लाल दिव्यात आकडा येतो,
ओरडून मोजणारं कोणी नाही.
पोरानं चहा दिला, बिनसाखरेचा मागितला तर बघत राहिला.

रात्री मनगटावर दोन बोटं ठेवतो,
शिकवल्यासारखी, अंगठा नाही.
लाभ, दोन, तीन, चार...
मध्येच एखादं माप चुकतं,
मी थांबतो, पुढचं येतं.
अंधारातून कोंडाबाई मनते,
"झोपा की आता.
कुठं चाललाय तुमचा माल?"