नो-बॉल

एकोणसाठच्या उन्हाळ्यात
नवे माग बसवायला जपानहून आलेला फिटर
गिरणीच्या मैदानावर उभा राहिला
आणि त्याने डावा पाय इतका वर उचलला
की अंबय्या कोंड्याल ओरडला, "पडतंय की बे ह्ये!"

पडला नाही.
चेंडू टप्पा न खाताच आला,
आधी छातीच्या उंचीवर, मग एकदम गुडघ्याशी,
मधल्या हवेत त्याला एखादी पायरी सापडावी तसा.
यष्ट्यांमागे माझे वडील, नरसय्या बोद्धूल,
दोन्ही तळवे काखेत घालून बसले
ते बराच वेळ उठले नाहीत.

अंपायर हेडक्लार्क रोपळेकर.
त्यांनी चष्मा पुसला, हात आडवा केला.
फेकतोय हा. कोपर बघा त्याचं.
झालं,
नऊ वर्षांची कारकीर्द
आमच्या सोलापुरात एका आडव्या हाताने नो-बॉल ठरली.
इशिमुरा टोपी काढून अंपायरपुढे वाकला.

पुढचं कळलं ते तुकड्यातुकड्यांनी.
त्याचं मोडकं इंग्रजी, रोपळेकरांचं फाडफाड इंग्रजी,
आमच्या घरातलं तेलुगू,
एवढ्यातून गळून जे उरलं ते:
पगारी संघ होता. रेल्वेचा? का वर्तमानपत्राचा?
मागखात्याच्या फळ्यावर त्याने खडूने लिहिलं
५३
आणि खाली ८१.
वडिलांना वाटलं, धड चादरी आणि डागी चादरी.
नाही. जिंकलेले. हरलेले.

"मग ठेवून कशाला घेतलं बे तुला?"
त्याने शब्द शोधले, सापडले नाहीत.
उजवा खांदा दाखवला,
तीन बोटं वर केली: शनिवार, रविवार, सोमवार.
हरायच्या दिवशीही
कुणीतरी फेकायला लागतंच की.

रात्री तो आमच्या ओट्यावर जेवला.
शेंगाचटणीने नाक लाल, तरी हात थांबेना.
वडील चेंडू फिरवत टाके मोजत होते,
विणकराचा अंगठा, सहसा चुकत नाही.
एकशे आठ.
आई म्हणाली, जपमाळच की.
वडील म्हणाले, ते असू दे,
गाठ कुठं लपवलीय ते सांग.

आठ महिन्यांत माग बसले.
एका माणसाला सोळा.
हा आकडा फळ्यावर कुणी लिहिला नाही.
दिवाळीच्या तोंडावर दाराशी कागद लागला,
त्यात कोंड्याल होता, बोद्धूल होता,
हेडक्लार्क नव्हते.

इशिमुराला स्टेशनवर पोचवायला
वडील एकटेच गेले.
"त्यानंच घालवलं की तुला!" गल्ली म्हणाली.
वडिलांनी सायकलला टांग मारली.
चेंडू त्याने दिला, की यांनी मागून घेतला,
आमच्या घरात दोन्ही सांगतात.

मग आई विड्या वळायला लागली.
वडील साखर पेठेत दुसऱ्याच्या हातमागावर,
दिवसाच्या बोलीवर.
एखाद्या रविवारी, मैदान रिकामं बघून,
माझी बोटं टाक्यांवर बसवायचे,
आणि स्वतःच पाय उचलून डुगडुगत
म्हणायचे, पडतंय की बे ह्ये.

चेंडू आता माझ्या कपाटात आहे.
एके ठिकाणी उसवला होता,
तिथे त्यांनी हातमागावरच्या निळ्या दोऱ्याने
चार टाके घातलेत.
घरात तोच रंग होता.
गाठ दिसते.