पाच वस्तू

देवगडच्या सरकारी दवाखान्यातली बाई म्हणाली,
छातीत पाणी चढायला लागलं की
दिसतील त्या पाच वस्तू मोजायच्या.
सावकाश. नावानिशी.

पडवीतला दिवा.
विळी.
टोपलीतले सुके बांगडे, मीठ जरा जास्तच झालेले.
खुराडं चुकलेली शेजाऱ्यांची कोंबडी.

पाचावर जीभ अडते.
आठ गेलो होतो, पाच आलो.
जेटीवर धुरीने डोकी मोजली
तेव्हा पाचवा मीच,
आणि त्याचं बोट तसंच पुढे सरकत राहिलं
रिकाम्या पाण्यावर.

हे बाईला सांगितलं.
तिने पेन खाली ठेवलं.
बराच वेळ पंख्याचाच आवाज.
मग म्हणाली, पाचावर थांबू नका. सहा मोजा.

आता रात्री तीनला उठतो,
पायरीवर बसतो,
भरती वाजते तशी वाजू देतो.
दिवा, विळी, बांगडे,
कोंबडी (आज खुराड्यात आहे, तरी धरतो),
माझे हात.
सहावी जयवंती. उठून येते,
काही विचारत नाही,
चुलीवर दूध ठेवते.

एखाद्या रात्री त्याच्याही पुढे जातो.
बाबल. आत्माराम. धाकटा सुऱ्या.
मोठ्याने.
ती ऐकत उभी,
दूध उतू जातं.