चार तिची, चार माझी

रायलीची भोकं एका ओळीत,
बेंबीच्या वर, आडवी,
कुणी सदऱ्याची बटणं चुकून तिथे टाचल्यासारखी.
माझी विखुरलेली : एक बेंबीत, दोन कुशींना, एक खाली.
पतंग काढायला घेतला
आणि रेघा जोडायच्या राहिल्या.

सप्टेंबर. सौनाच्या फळीवर आम्ही दोघी,
अंगावर घामाशिवाय काही नाही.
ती तापल्या दगडांवर पाणी मारते,
वाफ कानाच्या पाळीला चावते.
मार्चमध्ये, तांपेरेच्या वॉर्डात,
आमच्या खाटांमध्ये नुसता एक पडदा होता.

दोघींचं तेच. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं,
आणि एका सकाळी डाग,
मसुराएवढा.
लवकर सापडलंय, म्हणाले, पिशवी काढू.
कुणाला यंत्र, कुणाला नुसते हात,
ते संगणकाने ठरवलं.
अभ्यास चालू होता त्यांचा. आम्ही सह्या केल्या होत्या.

यंत्राचा हात थरथरत नाही म्हणे.
तिची डॉक्टर कोपऱ्यात बसली, पायातलं काढून,
डोकं पेटीत घालून,
शिवणयंत्रावर बसावं तशी.
माझे डॉक्टर सोइनी उभे.
भूल चढताना मला दिसलं ते त्यांचं मान मोडणं,
कट्, कट्,
लाकडं फोडण्याआधी माझा बाप मोडायचा तशी.

खांदे दोघींचेही ठणकले.
पोटात भरलेला वायू तिथवर चढतो,
त्याला यंत्र काय अन् माणूस काय.

तिचं वीस मिनिटं आधी आटोपलं.
मी एक रात्र जास्त राहिले,
कारण आमच्या गावाला शनिवारी बस नसते.
अभ्यासाच्या वहीत ती रात्र
सोइनींच्या नावावर पडली असणार.
मी कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

"एवढ्याशा भोकांतून पिशवी निघाली कशी गं?"
रायली हसते. "त्यातून कुठली?
खालून काढतात. तुझी काय, माझी काय.
जिथून इल्मो आणि साइमा आले, तिथूनच."

मी माझा पतंग बघत राहते.
माझ्या त्या वाटेने
त्याआधी कुणीच आलं नव्हतं.

ती जरा वेळ गप्प.
मग पळी माझ्या हातात देते,
"तू मार आता."
मी मारते.
जरा जास्तच.