टाच

चोरबाजारात, मटण स्ट्रीटच्या गाळ्यात,
हकीमुद्दीनभाई चिमट्यानं पत्ता उचलतात,
डोळ्यात गेलेलं कुसळ काढावं तसा.
"तेवीस नंबर. टाचवाला. मुंबईत तीनच उरलेत."

पेपरमिंटच्या पुडीत यायचे हे, आण्याला दोन.
चाळीस चित्रं : मुंबईचे कष्टकरी.
पिंजारी, कल्हईवाला, गोदीतला हमाल,
हातगाडीखाली झोपलेला गाडीवान.
चाळीस जमवले की कंपनी फुटबॉल देणार होती.
कामाठीपुऱ्यात कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

तेवीस नंबर : विडी वळणारी.
मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं,
दातात दोरा,
आणि पदराआड, अर्धं आत अर्धं बाहेर,
एक मूल, पीत.
तारकर मास्तरांनी आमच्या दारात दिसलं तसं काढलं.
हजार विड्या भरायच्या असल्या
की पदराकडे कोण बघतं?

बघितलं.
गिरगावातल्या एका बाईंनी मुलाच्या दप्तरातून
तो पत्ता काढला, दोन बोटांत धरून.
वर्तमानपत्रात पत्रं. शाळाशाळांत झडत्या.
एका हेडमास्तरांनी पटांगणात होळी केली,
तिच्यात कल्हईवाला जळला, हमालही जळला.
माझगावला कारखान्यापुढे मोर्चा :
लहान मुलांच्या तोंडी हे?
लहान मुलांच्या तोंडी हेच असतं,
असं तेव्हा कुणी म्हणालं नाही.

नव्या दगडाला कंपनीकडे पैसे नव्हते.
तारकर मास्तर रात्रभर जुनाच घासत बसले.
बाई घासली. पदर घासला.
दोरा, दात, मूल.
सूप ठेवलं. खाली नवा मथळा : विडी उद्योग.
दोनेक हजार छापून बाजारात गेल्यावर दिसलं,
सुपाच्या कडेला एक टाच राहिलीय.
एवढीशी. घोट्याला काळा दोरा.
कुणाचीच नसलेली.

भुताचा पाय, म्हणायची पोरं.
गोट्यांच्या डावात एका टाचेला पाच पिंजारी.

राजव्वा, माझी आई, यावर कधी बोलली नाही.
त्या महिन्यात नळावर तिची कळशी
रोज मागे सरकवली जायची,
हे थोरलीनं सांगितलं, तेही आई गेल्यावर.
बसल्याबद्दल मास्तरांनी दोन रुपये दिले होते.
ती परत द्यायला गेली. त्यांनी घेतले नाहीत.
मग ते दोन रुपये कुठे गेले,
ते थोरलीलाही माहीत नाही.

"बाईवाला बारा हजार," हकीमुद्दीनभाई म्हणतात,
"हा चाळीस. चूक महाग असते, शेठ."

मी चष्मा पुसतो. पुन्हा बघतो.
मग स्टुलाला धरून, वाकून,
डाव्या पायाची चप्पल काढतो.
भेगाळलेली, सत्तर वर्षं वापरलेली.

"चप्पल सांभाळा," ते वर न बघता म्हणतात,
"बाजाराचं नाव ठाऊक आहे ना?"