जिवाणी

आई पाव खात नसे.
खमिरात जीव असतो, म्हणायची.
पाणी दुहेरी धडप्यातून गाळून
धडप्यावर उरलेलं ते न दिसणारं काही
परत त्याच आडात सोडायची,
तांब्या पाण्याला टेकेपर्यंत दोर हातात धरून.
त्याला जिवाणी म्हणतात.
समडोळीत आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.
पुण्यात मला समजावून सांगावं लागलं,
मग सांगायचं सोडलं.

मी आयुष्यभर यीस्ट वाढवलं.
काडीच्या टोकावर दहा लाख.
सव्विसाव्या वर्षी एका जनुकाच्या मागे लागले,
डीएनए तुटला की पेशीला थांब म्हणणाऱ्या.
ते काढून टाकलं तर पेशी थांबत नाही,
तुटकं तसंच घेऊन फुटते, पुन्हा फुटते,
चार पिढ्यांत संपते.
चार पिढ्या म्हणजे सहा तास.
सकाळी पाहिलेलं घराणं
संध्याकाळच्या चहापर्यंत बुडालेलं असायचं.

यीस्टची आई लेकीला अंगावरच वाढवते.
कोंब येतो, फुगतो, तुटतो,
तुटल्या जागी वण राहतो.
रंग घातला की वण निळे उजळतात,
मोजता येतात:
ही पाच लेकींची, ही अकरा,
ही वीस, हिला आता नाही होणार.
रविवारी फोनवर आई विचारायची,
"या आठवड्यात किती मारले गं?"
रागानं नाही,
हळदीचा सौदा काय निघाला विचारावं तसं.
"चाळीस कोटी, आई."
"बरं. दिवस मावळायच्या आत जेवतेस ना?"
दुसऱ्या प्रश्नाला मी खोटं बोलायचे.

पद्मलमावशीच्या गाठीनंतर मी मिरजेला आले.
दवाखान्याचा दुसरा मजला, दोन खोल्या,
खाली जत, आटपाडी, अथणीची माणसं रांगेत,
पिशवीत रिपोर्ट, रिपोर्टात गुंडाळलेली भाकरी.
वर गाठीचा तुकडा यायचा,
नाव खोडून नंबर टाकलेला.
नंबर २१७ मध्ये ते सापडलं,
माझंच जनुक, माणसात वेगळ्या नावानं नांदणारं,
सासरी नाव बदललेलं.
मधोमध तुटलेलं.
मी आनंदानं ओरडले. खरंच ओरडले,
आस्मा शिकलगार पलीकडून धावत आली.
मग वयाचा रकाना पाहिला. चौतीस.
पेपर छापून आला तोवर
त्या ओळीत आणखी एक तारीख पडली होती.

पुराच्या साली आयर्विनचे फूट मोजत
अख्खं गाव जागं, आणि आमचा जनरेटर बंद.
गाठी ट्रॅक्टरवर घालून तासगावला नेल्या,
बेदाण्याच्या शीतगृहात, खोक्यांच्या थप्पीमागे.
मालकानं विचारलं, काय आहे?
म्हटलं, माणसं.
त्यानं भाडं घेतलं नाही.
आरएनए गेलं. डीएनए टिकलं.
यीस्ट मात्र मजेत राहिलं,
द्राक्षांच्या सालीवरचंच ते, माहेरी आल्यासारखं.

त्या खोक्यात आईचंही रक्त होतं,
मावशीच्या गाठीशी ताडून पाहायला घेतलेलं.
संमतीपत्र तिनं चष्मा लावून पुरतं वाचलं होतं,
सही केली,
दंडावरचा कापूस दाबून धरत म्हणाली,
"आणि हे परत कुठल्या आडात सोडणार?"
मी उणे ऐंशी अंश समजावून सांगितलं.
पोर काहीतरी बोलतंय म्हणून ऐकावं
तसं तिनं ऐकलं.

आता आई नाही.
आडावर फरशी पडली, फरशीवर मोटार.
आणि या महिनाअखेर मी निवृत्त.
फ्रीझर रिकामा करायचाय, यादी नऊ पानी,
प्रत्येक नळीपुढे टाका किंवा ठेवा.
आस्मा वाचत जाते, मी सांगत जाते.
टाका. टाका. ठेवा. टाका.
सातव्या पानावर ती अडखळते.
"मॅडम, ही मगदूम, समडोळी...
इथं नाव कसं काय राहिलंय?
टाकू का?"

थांब, म्हटलं.