जोडा

आमच्या घरात कापड नेहमी पालथं असायचं.
चौकटीवर ताणलेलं रेशीम, मणी खालच्या अंगाला,
आणि आई वरून आकडीसुईनं टोचत जायची,
टच्, ओढ, टच्, ओढ.
डोळ्यांना दिसायची नुसती दोऱ्याची साखळी,
रंग सगळा बोटांना.
सव्वीस साली ल्युनेव्हीलच्या आमच्या गल्लीत
बारा बायका या आंधळ्या कामावर होत्या.
मजुरी हजारावर.

मी मणी ओवून द्यायची.
बोहेमियातून यायचे, मोहरीहून बारीक,
मोरपंखी, राखाडी, आणि एक निळा
ज्याला पॅरिसचा व्यापारी ‘मध्यरात्र’ म्हणायचा
आणि आई ‘शाईचा डाग’.
दिव्यापुढे पाणी भरलेला काचेचा चंबू,
त्यातून उजेड गोळा होऊन पडायचा
बशीएवढा.
त्या एका बशीत आमचं अख्खं घर जेवायचं.

बाबा नक्षी टोचायचे. कागदाला भोकं, भोकांवर खडूची पूड.
व्हर्दनला त्यांचा डावा पाय राहिला.
चांभार बोदसों म्हणायचा,
‘अर्धा जोडा विकता येत नाही, मस्यू व्होत्रँ.’
म्हणून आमच्या फडताळात
डाव्या पायाचे पाच कोरे बूट होते,
तळव्याला माती न लागलेले.
आई त्यांनाही पॉलिश करायची.

फेब्रुवारीत एक खोका उलटा आला.
दुरुस्तीला.
निळ्या साटिनचे नाचाचे बूट,
टाच सेल्युलॉइडची, तिच्यात खडे जडवलेले,
पट्ट्याचं बटण कोंबडीच्या डोळ्याएवढं.
आईनं आपलं काम पहिल्यांदा सुलट पाहिलं.
चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.
म्हणाली, ‘हे पान जरा कललंय.’

उजव्याच्या चवड्यावरचे मणी उडाले होते.
‘कुणीतरी हिच्या पायावर पाय दिलाय,’ बाबा म्हणाले,
‘आणि एकदाच नाही.’
आत पांढऱ्या कातड्यावर बोटांचे मळके ठसे,
करंगळीपाशी रक्ताचा तपकिरी ठिपका.
म्हणजे जोडा चावतो.
पॅरिसातही चावतो.

सूप संपल्यावर बाबांनी डावा बूट
हातमोजा चढवावा तसा हातात घातला
आणि मेणकापडावर टाच वाजवली.
‘ओनेझीम, लोकांची वस्तू आहे,’ आई म्हणाली.
बाबांनी आणखी एकदा वाजवली.
मग उजवा तिनं घातला.

गाणं नव्हतं.
टाचा होत्या, चमच्यांची किणकिण,
आणि छतावर सैरावैरा पळणारे खड्यांचे ठिपके.
डावा पुढे, उजवा मागे,
मिठाच्या भांड्याला वळसा,
पावाच्या कडेकडेनं परत.
एकदा डाव्यानं उजव्याला तुडवलं, मुद्दाम,
आणि ‘झेली, माफ कर, मी प्यायलोय,’ असं
बाबा अगदी पॅरिसच्या हेलात म्हणाले.
आई इतकी हसली की दिवा फडफडला.
माझ्या सुईवरचे मणी घरंगळून गेले,
मी उचलले नाहीत.

तयार बुटावर आकडीसुई चालत नाही.
सकाळी आईनं साधी सुई घेतली,
खिडकीपाशी बसून, सुलट बाजूनं,
एकेक मणी बघत बघत भरला.
कललेलं पान तसंच ठेवलं.

खोका स्टेशनवर मीच पोचवला.
चिठ्ठीत लिहिलं होतं, बसवलेले मणी: एकशे दहा.
मी मोजले होते. एकशे बारा.
वाटेत तिला विचारायचं ठरवलं,
आणि पुलापर्यंत येता येता कळलं,
ते दोन कुणी उडवले होते.