चाळीस टोकनं

या भागाचं नाव सजा.
अरबीत त्याचा अर्थ काय, अकरा वर्षांत कुणाला विचारलं नाही.
शारजाच्या मागे, सिमेंटच्या कारखान्यांपलीकडे
आमचा कॅम्प, आणि कॅम्पच्या फाटकाशी
मी, मुराद परकार, टाइमकीपर,
दोनशे बारा माणसांच्या जाण्यायेण्याची वही सांभाळणारा.

गुरुवारी ऑफिसातून फोन:
लशीची चाळीस टोकनं मिळालीत, सकाळपर्यंत नावं दे.
साठीच्या वरचे आधी. मग साखर, दमा, हृदय.
मग ज्यांचा हात इतरांच्या ताटाला लागतो ते.
उरली तर ऑफिस, गेट, तुझ्यासारखे.
सोपं आहे, साहेब म्हणाले.

सोपंच होतं.
रजिस्टर उघडलं, साठीच्या वरचा एकही नाही.
साठीला कंपनी व्हिसा वाढवत नाही,
म्हणून इथे कुणी साठीचा होत नाही.
आजारी? तेही नाहीत.
दरवेळी मेडिकलच्या आधी आठवडाभर
चौदा नंबरच्या खोलीत कारली किसली जातात,
साखरेच्या गोळ्या बडीशेपेच्या डबीत राहतात.
मला माहीत आहे,
डबी माझ्याच ड्रॉवरमध्ये ठेवायला देतात.
कागदावर बघाल तर
इतका धडधाकट कॅम्प सबंध आखातात नसेल.

रात्री साडेदहाला दत्ताराम निवाते आला.
मचाणं बांधणारा, गुहागरकडचा.
चपला दाराबाहेर काढल्या त्यानं,
तेव्हाच कळलं, काही मागायचंय.
"पासपोर्टात मी बावन्नाचा," म्हणाला.
"पण परकारभाई, कोयनेचा भूकंप झाला ना,
तेव्हा मी तिसरीत होतो.
पहाटे आयशीनं हाताला धरून खळ्यात आणलं,
धाकटा कडेवर, आणि आत भांडी एकेक करून पडत होती.
सगळं आठवतंय."

मी बोटांवर हिशेब केला.
पासपोर्टाप्रमाणे त्या पहाटे
तो जन्मलाच नव्हता.
एजंटनं नऊ वर्षं कापली होती,
आणि त्या कापलेल्या नऊ वर्षांवर
दोन मुलींची लग्नं, जांभ्या चिऱ्याचं घर,
बायकोचा मोतीबिंदू.
"ती नऊ वर्षं परत लावता येतील?" त्यानं विचारलं.
"सुईपुरतीच. नंतर पुन्हा काढून टाका."

पंख्याखाली यादी फडफडत होती, तिच्यावर स्टेपलर ठेवला.
साठ लिहिलं तर लस मिळेल आणि विमानही.
बावन्न लिहिलं तर दोन्ही नाही.
शेवटी वयाचा रकाना कोरा सोडून
कामाच्या रकान्यात लिहिलं: स्वयंपाकघर, मदतनीस.
एका खोट्याला सावरायला दुसरं.
दत्ताराम शुक्रवारपासून खरोखरच कांदे सोलायला बसला,
म्हणाला, निदान एवढं तरी खरं असू दे.

संडास धुणारा तिलबहादूर
दाराशी दोनदा घुटमळून गेला.
दोनशे बाराजण रोज त्याच्यामागून जातात,
पण तो दुसऱ्या कंत्राटावर, आमच्या रोलवर नाही.
त्यानं विचारलं नाही. मीही नाही.

आता खरं तर इथे थांबायला हवं होतं.
पण यादी आधीच पूर्ण होती, दत्ताराम एकेचाळिसावा.
मी वरून खाली तीनदा बोट फिरवलं.
नवव्या नावावर बोट दर वेळी जरा जोरात सरकलं:
परकार मुराद, अडतीस, गेट.
एकतिसाव्यावर थांबलं.
पट्टी लावून सरळ रेघ मारली.

कुणाचं नाव, ते सांगत नाही.
तो रोज पहाटे पावणेपाचला
बसमध्ये चढण्याआधी माझ्या वहीत सही करतो,
मास्क नाकाखाली ओढून विचारतो,
"भाई, पुढची यादी कधी?"
आणि मी डाव्या दंडावरून बाही खाली ओढत
त्याची वेळ लिहून घेतो.